लशीत सायटोकाइन मिसळायचे असेल तर: जीएम-सीएसएफ, आयएल-१२ आणि उंदरांवरचा प्रयोग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी हेपॅटायटिस बीच्या लशीत जीएम-सीएसएफ किंवा आयएल-१२ (दोन्ही सायटोकाइन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ती प्रथिने) मिसळून उंदरांतला प्रतिसाद वाढतो का, हे पाहायचे आहे. प्रथिन ई. कोलाय या जिवाणूत स्वतः तयार करण्याचा विचार आहे. मात्रा किती, कधी द्यायची आणि कुठे फसते, हे हवे आहे. शिवाय घरी काका डायलिसिसवर आहेत. लस घेऊनही त्यांची अँटीबॉडी वाढली नाही, तर त्यांना जीएम-सीएसएफचा उपयोग होईल का, असेही तुम्ही विचारले आहे.

काकांचे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. जीएम-सीएसएफ घरच्या किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडून ‘करून बघू’ म्हणून देऊ नका. डायलिसिसच्या रुग्णांसाठी नेहमीची लस दुप्पट मात्रेत, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात. आधी हे चारही डोस पूर्ण झाले का ते पाहा. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लशीमुळे रक्तात आलेली अँटीबॉडी, तपासायचे. १० मिलि-आययू प्रति मिलीच्या वर असेल तर संरक्षण आहे असे धरतात. खूपदा असे होते की माणूस तीन डोस घेतो आणि मधेच कुठेतरी चाचणी करून ‘लस लागली नाही’ असे ठरवले जाते. डोस पूर्ण होऊनही आकडा आला नाही तर पुन्हा पूर्ण कोर्स द्यायचा की दुसऱ्या अ‍ॅज्युव्हंटची (प्रतिसाद वाढवण्यासाठी लशीत घालतात तो पदार्थ) लस शोधायची, हे त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. सीपीजी १०१८ हे अ‍ॅज्युव्हंट असलेल्या हेपॅटायटिस बीच्या लशीला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या एका डोसमध्ये २० मायक्रोग्रॅम अँटिजेन (ज्याविरुद्ध अँटीबॉडी हव्यात ते विषाणूचे प्रथिन) आणि ३००० मायक्रोग्रॅम सीपीजी असते, आणि निरोगी प्रौढांना एक महिन्याच्या अंतराने दोनच डोस लागतात.

डायलिसिस आणि सायटोकाइन ही जोडी जुनीच आहे. १९८९ मध्ये लस न लागलेल्या डायलिसिस रुग्णांना कमी मात्रेत आयएल-२ हे सायटोकाइन दिल्यावर अँटीबॉडी आल्या, असे प्रसिद्ध झाले आणि मोठा उत्साह निर्माण झाला. मग १९९४ मध्ये प्लासिबो ठेवून चाचणी झाली, तेव्हा फायदा दिसला नाही. जीएम-सीएसएफचे निकाल त्यापेक्षा बरे आहेत, पण एकसारखे नाहीत. तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत फक्त १९८९ चा संदर्भ देऊन पुढे जाऊ नका. परीक्षक तिथेच थांबवतील.

आता मुख्य विषय. बाजारातली जवळजवळ सगळी अ‍ॅज्युव्हंट सायटोकाइन वाढवूनच काम करतात, फक्त ती शरीराकडून करवून घेतात. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार १९२६ पासून वापरात आहेत. सीपीजी टीएलआर-९ ला, म्हणजे जंतूंच्या खुणा ओळखणाऱ्या पेशीतल्या एका ग्राहकाला, चेतवते. कोव्हॅक्सिनमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर बसवलेला टीएलआर-७/८ चेतवणारा रेणू आहे. हे सगळे पेशीला बाहेरून धोक्याची खूण दाखवतात आणि मग ती पेशी स्वतःच्या गरजेप्रमाणे, स्वतःच्या जागी, दोन-तीन दिवस सायटोकाइन सोडते. तुम्ही सायटोकाइनच टोचता तेव्हा हा सगळा निर्णय तुमच्याकडे येतो: कुठे, कधी, किती वेळ आणि किती. एकच प्रथिन या चार गोष्टींवरून मदत तरी करते, नाहीतर प्रतिसाद दाबते. त्यामुळे ‘कोणते सायटोकाइन चांगले’ यावर तुम्ही जितका वेळ घालवाल, त्याच्या तिप्पट वेळ ‘ते टोचल्या जागी टिकेल कसे’ यावर घालवा.

टिकत का नाही, याचे साधे गणित बघा. आयएल-२ माणसाच्या शिरेत दिले की वितरणाचा अर्धायुकाल साधारण १३ मिनिटे आणि निष्कासनाचा ८५ मिनिटे. ई. कोलायमध्ये बनवलेले जीएम-सीएसएफ सुमारे १४ किलोडाल्टनचे, ग्लायकोसिलेशन (प्रथिनावर चढणाऱ्या साखरेच्या साखळ्या) नसलेले छोटे प्रथिन असते. सलाइनमध्ये स्नायूत टोचले तर लगेच रक्तात उतरते. अँटिजेन मात्र अ‍ॅल्युमिनियमवर चिकटून तिथेच बसलेले असते. डेंड्रायटिक पेशी (अँटिजेन उचलून टी पेशींना दाखवणाऱ्या) अँटिजेनपाशी येईपर्यंत सायटोकाइन मूत्रपिंडातून बाहेर पडलेले असते. मग माणूस मात्रा वाढवतो. मात्रा वाढवली की संपूर्ण शरीरात ते पसरते, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

जीएम-सीएसएफच्या बाबतीत हा त्रास उलट्या परिणामाचा असतो. कमी मात्रेत ते डेंड्रायटिक पेशी वाढवते आणि परिपक्व करते. जास्त मात्रेत अस्थिमज्जेतून मायलॉइड वंशाच्या दाबणाऱ्या पेशी बाहेर काढते, आणि त्या टी पेशींना गप्प करतात. माणसांवरच्या कर्करोग-लशींच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर दिवसाला ४० ते ८० मायक्रोग्रॅम, एक ते पाच दिवस, या पट्ट्यात फायदा दिसतो, आणि १०० ते ५०० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात टी पेशींचा प्रतिसाद घटल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून ‘एक मात्रा, एक गट’ असा प्रयोग मांडू नका. तुमची ती एक मात्रा घंटाकृती आलेखाच्या कोणत्या उतारावर पडली, हे कळायला मार्गच उरत नाही.

आयएल-१२ अजून कडक आहे. १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दोन रुग्ण दगावले. पहिल्या टप्प्यात तीच मात्रा, ५०० नॅनोग्रॅम प्रति किलो, रुग्णांना झेपली होती. फरक असा निघाला की पहिल्या टप्प्यात मुख्य मालिकेच्या दोन आठवडे आधी एक चाचणी-डोस दिला जात होता, आणि त्यामुळे पुढच्या डोसांना इंटरफेरॉन-गॅमाचा भडका कमी होत होता. दुसऱ्या टप्प्यात तो डोस काढून टाकला. मात्रा बदललेली नव्हती, फक्त वेळापत्रक बदलले होते. उंदरांतही लशीच्या दिवसात आयएल-१२ जास्त झाले की नायट्रिक ऑक्साइडमुळे काही काळ प्रतिसाद दबतो. म्हणजे सातव्या दिवशी गट ‘अपयशी’ दिसेल आणि पस्तिसाव्या दिवशी तोच गट सर्वांत वर असेल. एकाच दिवशी रक्त घेऊन निष्कर्ष काढू नका.

तिसरा इशारा आयएल-४ चा, आणि तो प्रस्तावनेत जरूर लिहा. ऑस्ट्रेलियात उंदरांसाठी गर्भनिरोधक लस बनवताना एक्ट्रोमेलिया या उंदरांच्या देवीच्या विषाणूत आयएल-४ चे जनुक घातले, म्हणजे अँटीबॉडी जास्त येतील अशी कल्पना. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की त्या विषाणूने जन्मजात प्रतिकार असलेले उंदीर मारलेच, आधी लस दिलेलेही मारले. आयएल-४ ने मारक टी पेशींची बाजूच बंद केली होती. जिवंत, वाढणाऱ्या वाहकात सायटोकाइन घालणे म्हणूनच वेगळ्या दर्जाची जोखीम आहे. तुमच्या पातळीवर तो मार्ग नकोच.

तुमच्यासाठी माझे मत: जीएम-सीएसएफ घ्या, आयएल-१२ सोडा. कारण तत्त्वाचे नाही, हाताशी असलेल्या सोयीचे आहे. आयएल-१२ दोन साखळ्यांचे प्रथिन आहे, पी३५ आणि पी४०, आणि ई. कोलायमध्ये ते नीट जुळवून मिळणे म्हणजे वर्ष गेले. सस्तन पेशींत केले तरी पी४० जास्त बनते, त्याच्या जोड्या जुळतात आणि उंदरात या जोड्या खऱ्या आयएल-१२ ला अडवतात. एकसाखळी रचना, म्हणजे मधे लवचीक दुवा देऊन पी४० आणि पी३५ जोडणे, हा यावरचा उपाय आहे, पण ते एम.एस्सी.च्या वेळेत बसत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करा: उंदराचेच जीएम-सीएसएफ हवे. माणसाचे जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर चालत नाही, उलटही नाही. आयएल-१२ मध्ये माणसाचे उंदरात चालत नाही, पण उंदराचे माणसाच्या पेशींवर चालते. माणसाचे आयएल-२ उंदरात चालते. रुग्णालयातल्या उरलेल्या माणसाच्या जीएम-सीएसएफच्या कुप्या आणून उंदरांना टोचणे आणि ‘काही फरक नाही’ असा निष्कर्ष काढणे, हा प्रकार इतका होतो की आधीच सांगितलेले बरे.

आता ई. कोलाय. या प्रयोगात सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो, आणि तो दिसतही नाही. ई. कोलायचे एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएस, स्वतः टीएलआर-४ चेतवणारे उत्तम अ‍ॅज्युव्हंट आहे. तुमच्या प्रथिनात ते राहिले असेल तर तुम्ही जीएम-सीएसएफ नव्हे, एलपीएस मोजत असाल, आणि आकडे सुंदर येतील. प्रयोगशाळेत कॉलमवर दोनदा शुद्ध केलेले प्रथिनही मिलिग्रॅममागे हजारो एंडोटॉक्सिन युनिट घेऊन येते. एक युनिट म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम. माणसाच्या इंजेक्शनची मर्यादा ५ युनिट प्रति किलो, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ०.१ युनिट. ही मर्यादा गाठता आली तर उत्तम. न गाठल्यास निदान किती आहे ते मोजून तेवढेच एलपीएस दिलेला गट ठेवा.

उंदराच्या जीएम-सीएसएफमध्ये दोन डायसल्फाइड बंध आहेत, त्यामुळे ई. कोलायमध्ये ते बहुधा इन्क्लूजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या प्रथिनाच्या गाठोड्यांत, जमते. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, उलट फायदा आहे, कारण ही गाठोडी धुता येतात. पेशी फोडल्यावर गाळ ट्रायटन एक्स-१०० घातलेल्या बफरने दोनदा आणि नंतर साध्या बफरने दोनदा धुवा. मग ६ मोलर ग्वानिडीन आणि १० मिलिमोलर डीटीटीमध्ये (हे डायसल्फाइड बंध तोडते) विरघळवा. पुन्हा घडी घालण्यासाठी थंड बफरमध्ये थेंब थेंब सोडून ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत पातळ करा. बफर पीएच ८, अर्जिनिन ०.५ मोलर, ग्लुटाथायोन रिड्यूस्ड आणि ऑक्सिडाइज्ड दहास एक या प्रमाणात. ४ अंशांवर रात्रभर. घाई करून एकदम ओतले तर पांढरा गढूळपणा येतो. तो दिसला की ते प्रथिन गेले असे समजा, गाळून ‘उरलेले वापरू’ म्हणू नका, कारण उरलेल्यात चुकीच्या बंधांचे प्रमाण जास्त असते. विरघळवताना घातलेली डीटीटी घडीच्या बफरमध्ये किती उतरते याचाही हिशेब करा. ती जास्त झाली तर ग्लुटाथायोनचे प्रमाण बिघडते.

एंडोटॉक्सिन काढायला ट्रायटन एक्स-११४ स्वस्त आणि जमणारा मार्ग आहे. ४ अंशांवर १ ते २ टक्के मिसळून अर्धा तास हलवायचे, मग ३७ अंशांवर १० मिनिटे ठेवायचे. द्रावण दुधाळ होते. २५ अंशांवर १०,००० जीला १० मिनिटे फिरवा. खाली तेलकट थर बसतो, एलपीएस त्यात जाते. वरचा पाण्याचा थर घ्या. असे तीन ते पाच वेळा. सेंट्रिफ्यूज थंड असेल तर थर पुन्हा मिसळतात, कारण हे डिटर्जंट साधारण २२-२३ अंशांखाली पाण्यात विरघळते. उन्हाळ्यात बडोद्याला ही अडचण येत नाही, एसी १८ वर ठेवलेल्या खोलीत मात्र येते. शेवटी डिटर्जंट शोषणाऱ्या मण्यांवरून गाळा. राहिलेला ट्रायटन २८० नॅनोमीटरला शोषण दाखवतो, त्यामुळे प्रथिन फुगवून मोजले जाते, आणि एंडोटॉक्सिन मोजण्याच्या एलएएल चाचणीतही लुडबुड करतो. एलएएल करताना नमुन्यात ओळखीचे एंडोटॉक्सिन घालून किती परत मिळते ते पाहा. ५० ते २०० टक्क्यांच्या बाहेर गेले तर नमुना अजून पातळ करून पुन्हा चाचणी.

काचसामानाबद्दल एक वाक्य: ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, एलपीएस जात नाही. त्यासाठी २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. पाणी म्हणून इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्यूल वापरा. प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याच्या यंत्रावर शेवटचा अल्ट्राफिल्टर नसेल तर तेच पाणी एंडोटॉक्सिन आणते.

प्रथिन बनले, एलिसात (अँटीबॉडी वापरून मोजण्याची चाचणी) दिसले, म्हणजे ते काम करते असे नाही. एलिसा चुकीची घडी पडलेल्या प्रथिनालाही ओळखतो. क्रियाशीलता ते सायटोकाइन मिळाले तरच वाढणाऱ्या पेशींवर पाहायची. उंदराच्या जीएम-सीएसएफसाठी एफडीसी-पी१, माणसाच्यासाठी टीएफ-१, आयएल-२ साठी सीटीएलएल-२. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारात मिळतात का ते प्रस्ताव लिहितानाच विचारून ठेवा. नंतर विचारले तर वाट पाहण्यातच सत्र जाते. पेशी आधी बारा तास उपाशी ठेवून मग प्रथिनाच्या पातळ-पातळ पायऱ्या, ४८ तास वाढ, आणि विकत घेतलेल्या उंदराच्या जीएम-सीएसएफशी तुलना. अर्ध्या परिणामाची मात्रा त्याच्या दहापटीच्या आत नसेल तर पुन्हा घडी घालायला जा. यापुढे उंदराची मात्रा मायक्रोग्रॅमबरोबर क्रियाशीलतेच्या युनिटमध्येही लिहा.

विकतचे प्रथिन वापरणार असाल तर ‘कॅरियर-फ्री’ मागा. नाहीतर कुपीत गाईचे अल्ब्युमिन असते. उंदीर त्याच्याविरुद्ध जोरदार अँटीबॉडी बनवतो, तुम्ही एलिसाची प्लेट अल्ब्युमिननेच झाकता, आणि सगळा गट ‘पॉझिटिव्ह’ निघतो. अशा वेळी प्लेट केसीनने झाका. हिस्टिडीन टॅगचेही (शुद्ध करायला सोपे जावे म्हणून प्रथिनाला जोडलेली छोटी शेपटी) तसेच आहे: अँटिजेन आणि सायटोकाइन दोन्हींवर तोच टॅग असेल तर टॅगविरुद्धच्या अँटीबॉडी अँटिजेनच्या म्हणून मोजल्या जातात. पातळ द्रावणात प्रथिन प्लास्टिकला चिकटते, म्हणून साठा ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या खाली ठेवू नका, छोट्या भागांत गोठवा आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नका. सगळे भाग एकाच फ्रीझरात तर मुळीच नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजला आणि वीज दोन्ही गेलेले सगळ्यांनी पाहिले आहे. निम्मे भाग वरच्या मजल्यावर, शक्यतो दुसऱ्या विभागात ठेवा.

आता लस. बाजारातली हेपॅटायटिस बीची लस साधारणपणे मिलीमागे २० मायक्रोग्रॅम अँटिजेन आणि ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम अशी असते. १०० मायक्रोलिटर दिले तर २ मायक्रोग्रॅम अँटिजेन आणि ५० मायक्रोग्रॅम अ‍ॅल्युमिनियम. पण बाल्ब/सी जातीचा उंदीर या अँटिजेनला इतका छान प्रतिसाद देतो की या मात्रेला छतच गाठले जाते आणि वाढ दाखवायला जागा उरत नाही. ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅमवर या. लस पातळ करताना अ‍ॅल्युमिनियमही पातळ होते, हे विसरले की गट एकमेकांशी जुळत नाहीत. कोरे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड जेल घालून सगळ्या गटांत ५० मायक्रोग्रॅम कायम ठेवा. पातळ करायला साधे सलाइन, फॉस्फेट बफर नको: फॉस्फेट जेलच्या पृष्ठभागावर जाऊन बसते, त्याचा भार बदलते आणि चिकटलेले प्रथिन सोडवते.

सायटोकाइन जेलवर चिकटते का, हे गृहीत धरू नका, मोजा. अँटिजेन आधीच बसलेल्या जेलमध्ये जीएम-सीएसएफ घालून खोलीच्या तापमानाला तासभर हळू फिरवा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या पाण्यात किती राहिले ते एलिसाने पाहा. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर शरीराच्या पीएचला धन भार असतो, त्यामुळे आम्लधर्मी प्रथिने छान बसतात. मग त्याच जेलमध्ये उंदराचे सीरम घालून ३७ अंशांवर १, ४ आणि २४ तासांनी किती सुटते ते बघा. पहिल्या तासात सगळे सुटत असेल तर तुम्ही सलाइनमध्ये टोचल्यासारखेच आहे. तेव्हा पुढचा पर्याय म्हणजे अँटिजेन आणि सायटोकाइन एकाच प्रथिनात जोडणे, मधे ग्लायसीन-सेरीनचा दुवा देऊन. ही कल्पना माणसांत पोचली आहे. प्रोस्टेट कर्करोगावरची सिपुल्यूसेल-टी ही उपचारपद्धती २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तिच्यात प्रोस्टेटचा अँटिजेन आणि जीएम-सीएसएफ एकाच रेणूत जोडलेले असून, तो रेणू रुग्णाला टोचतच नाहीत: रुग्णाच्या पेशी बाहेर काढून ३६ ते ४४ तास त्याच्यासोबत वाढवतात आणि मग परत देतात. सायटोकाइन योग्य पेशीला, योग्य वेळी आणि बाकी शरीराला न लागता देण्याचा याहून काटेकोर मार्ग नसेल. आयुष्य मध्यमानाने ४.१ महिने वाढले. किंमत मात्र अफाट.

अ‍ॅल्युमिनियमची लस गोठू देऊ नका. उन्हाळ्यात कुरियरवाले काळजीपोटी बर्फाच्या पॅकला चिकटवून लस पाठवतात, ती ४३ अंशांच्या उन्हाने नव्हे, त्या पॅकने बाद होते. गोठले की जेलचे कण गोळा होतात. संशय आल्यास त्याच लॉटची एक कुपी मुद्दाम गोठवून-वितळवून दोन्ही हलवा आणि शेजारी ठेवा. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतकाच भराभर बसला तर ती टाकून द्या.

गट असे करा. अँटिजेन आणि जेल. त्यात जीएम-सीएसएफ ०.१, ०.५ आणि २.५ मायक्रोग्रॅम असे तीन गट. सर्वांत मोठी मात्रा उकळून मारलेली. मोजलेल्या एंडोटॉक्सिनएवढे एलपीएस घातलेला गट. आणि अँटिजेनशिवाय जेल व सायटोकाइन. सात गट, प्रत्येकी आठ, छप्पन्न उंदीर. समितीने संख्या कमी करायला सांगितले तर मधली मात्रा काढा, उकळलेला गट काढू नका. उकळण्याबद्दल एक खाच आहे: डायसल्फाइड बंध असलेले छोटे प्रथिन ९५ अंशांवरून थंड झाल्यावर पुन्हा घडी घालू शकते. उकळलेला नमुना एफडीसी-पी१ वर मेलेला आहे हे आधी सिद्ध करा. एलपीएस त्या उष्णतेत शाबूत राहते, म्हणूनच हा गट उपयोगी आहे.

मांडीच्या स्नायूत एका जागी ५० मायक्रोलिटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही मांड्यांत मिळून १००. अँटिजेन आणि सायटोकाइन एकाच सिरिंजमध्ये. वेगवेगळ्या पायांत दिले तर दोन्ही वेगळ्या लसिका गाठींत जातात आणि भेटच होत नाही. डोस ०, २१ दिवशी. रक्त ०, १४, २०, ३५ आणि ९० व्या दिवशी. २० ग्रॅमच्या उंदरातून एका वेळी १५० मायक्रोलिटरपर्यंतच. शून्य दिवस ठरवताना कॅलेंडर पाहा: एकविसावा किंवा पस्तिसावा दिवस १४-१५ जानेवारीच्या उत्तरायणावर आला तर प्राणीगृहाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात दिवस जाईल. नवरात्रीचेही तसेच. पिंजऱ्याप्रमाणे गट करू नका, एका पिंजऱ्यात वेगवेगळ्या गटांचे उंदीर ठेवून शेपटीला खूण करा, आणि एलिसा करणाऱ्याला फक्त क्रमांक द्या.

परवानग्या दोन आहेत आणि दोन्ही वेळ खातात: प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे फॉर्म बी, आणि पुनर्संयोजित डीएनएसाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती. वजन, अंगावरचे केस, चाल रोज नोंदवा. वजन २० टक्क्यांनी घटले की तो उंदीर प्रयोगातून बाहेर, हे प्रस्तावातच लिहा. सर्वांत मोठ्या मात्रेत पहिल्या डोसनंतर २४ तासांनी दोन-तीन उंदरांत पांढऱ्या पेशी मोजा. त्या वाढलेल्या दिसल्या म्हणजे सायटोकाइन टोचल्या जागी न राहता शरीरभर गेले.

मोजणीत एकूण आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीचा मुख्य वर्ग) एकाच पातळीवर वाचू नका, सीरमच्या पायऱ्या करून टायटर काढा आणि लॉगरिदम घेऊनच सरासरी व तुलना करा. आयजीजी१ आणि आयजीजी२ए वेगळे मोजा, प्रतिसादाचा कल त्यातून कळतो. सी५७ब्लॅक/६ उंदीर वापरलात तर आयजीजी२ए शोधू नका, त्यांच्यात ते जनुकच नाही, आयजीजी२सी मोजा. टी पेशींसाठी एलिस्पॉट (सायटोकाइन सोडणाऱ्या पेशी ठिपक्यांवरून मोजण्याची चाचणी): खड्ड्यामागे २ लाख प्लीहापेशी, पेप्टाइड प्रत्येकी १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, १८ ते २० तास, हलवू नका. पीव्हीडीएफ पट्टी ३५ टक्के इथेनॉलने मिनिटभर ओली करून लगेच भरपूर धुवा. इथेनॉल राहिले तर पेशी मरतात आणि तो खड्डा गुपचूप शून्य दाखवतो.

प्रथिनाचा मार्ग जमलाच नाही तर प्लाझ्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारे गोल डीएनए, हा चांगला दुसरा मार्ग आहे. स्नायूपेशीच काही दिवस सायटोकाइन बनवतात, म्हणजे जागा आणि वेळ दोन्ही बऱ्यापैकी सुटतात. शेजारच्या अहमदाबादेत झायडसने विकसित केलेल्या झायकोव्ह-डी या डीएनए लशीला ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, त्यामुळे या तंत्राबद्दल जवळपास विचारायला माणसे सापडतील. अँटिजेनचे आणि जीएम-सीएसएफचे प्लाझ्मिड प्रत्येकी ५० मायक्रोग्रॅम एकत्र द्या आणि नियंत्रण गटात अँटिजेनच्या प्लाझ्मिडबरोबर ५० मायक्रोग्रॅम रिकामे प्लाझ्मिड घालून एकूण डीएनए सारखेच ठेवा, कारण जिवाणूच्या डीएनएतल्या सीपीजी खुणा स्वतःच प्रतिसाद चेतवतात. डीएनए एंडोटॉक्सिनमुक्त किटनेच काढा. जीएम-सीएसएफचे प्लाझ्मिड अँटिजेनच्या काही दिवस आधी, बरोबर की नंतर दिले, यावर उंदरांत प्रतिसादाचा कल बदलल्याचे दिसले आहे. प्रबंधाला एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे, आणि खरे तर मात्रेपेक्षा जास्त रोचक आहे.

शेवटचा नमुना टाकून देऊ नका. नव्वदाव्या दिवशीच्या सीरममध्ये उंदराच्या जीएम-सीएसएफविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ते तपासा, विशेषतः अँटिजेनशी जोडलेला रेणू वापरला असेल तर. माणसात जीएम-सीएसएफविरुद्धच्या स्वतःच्याच अँटीबॉडीमुळे फुप्फुसांच्या वायुकोशांत प्रथिनयुक्त द्रव साठतो आणि दम लागतो. एलिसात पॉझिटिव्ह निघालेले सीरम एफडीसी-पी१ पेशींवर घालून वाढ थांबते का पाहा. थांबली तर त्या गटाची फुप्फुसे फॉर्मेलिनमध्ये जपून ठेवलेली असावीत, म्हणून मारण्याच्या दिवशी सगळ्याच उंदरांची फुप्फुसे काढून ठेवा.